आधी वैद्य, मग आम्ही

'फादर, लवकर या,' असा निरोप अमरावती-अकोल्याकडील कुटुंबांतून येतो, तेव्हा पुष्कळदा रुग्ण अजून घरीच असतो. छातीतली कळ 'गॅस'ची समजून ओवा देऊन झालेला असतो. रुग्णाभ्यंगाचे तेल घेऊन आम्ही निघतोच. परंतु रुग्ण आमच्याआधी निघालेला असावा, अशी आमची इच्छा असते.

भारतीय कॅथॉलिक बिशपांनी स्थापिलेल्या बंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. डेनिस झेवियर, डॉ. प्रेम पैस व सहकाऱ्यांनी देशातील ८९ रुग्णालयांतील २०,४६८ हृदयरुग्णांची पाहणी २००८ साली प्रसिद्ध केली. निम्म्या रुग्णांना रुग्णालय गाठण्यास सहा तास वा अधिक लागले होते. गरिबांतील मृत्यूचे प्रमाण श्रीमंतांहून अधिक होते.

हृदयाच्या धमन्या एका रात्रीत अरुंद होत नाहीत. बिडी, तंबाखू, आपल्या वऱ्हाडातला खर्रा, मधुमेह, रक्तदाब, वाढते कोलेस्टेरॉल, पोटाचा घेर ही त्यामागची कारणे वर्षानुवर्षे काम करीत असतात. स्त्रियांत व मधुमेहींत कधी छाती दुखतही नाही. दम लागतो, घाम सुटतो, जबडा दुखतो. ईसीजी काही मिनिटांत निघतो. तो निर्दोष आला तरी संशय असल्यास पुन्हा काढतात, रक्तातील ट्रोपोनिन तपासतात. अडथळा नेमका कुठे, हे अँजिओग्राफी दाखवते.

बेनसिरा अडतिसाव्या अध्यायात आजाऱ्याला प्रार्थना करायला सांगतो आणि लगेच वैद्याला जागा द्यायलाही सांगतो. कारण त्यालाही देवानेच निर्मिले आहे. म्हणून प्रार्थना वाटेतच सुरू करावी. पहिला फोन १०८ला, दुसरा आम्हांला. तेल घेऊन आम्ही रुग्णालयातच येऊ.