दुखण्याचे सोंग

सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही, असे आपल्याकडे म्हणतात. ज्यांच्याकडे पैसा मुबलक आहे आणि तो कुठून आला हे सांगायची वेळ आली आहे, त्यांना मग दुखण्याचे सोंग सोयीचे पडते. समन्स आले की रक्तदाब वाढतो, अटकेचा हुकूम निघाला की छातीत कळ येते. टीव्हीवर व्हीलचेअर दिसली की आमची अम्मी हल्ली "अल्लाह शिफा दे" म्हणत नाही. "कुणाची केस आहे रे?" असे विचारते. आम्हाला हसू येते आणि वाईटही वाटते. कारण हीच अम्मी मोहल्ल्यात कुणी आजारी पडले की गुडघे दुखत असतानाही बीमारपुर्सीला जाते, आणि जाताना दोन सफरचंदे तरी बरोबर नेते.

आजाऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवायचा, ही आपल्या घरांतली जुनी रीत. रमजानमध्ये आजारी माणसाला रोजा सोडण्याची सवलत आहे, नमाज बसून पढण्याची आहे. त्याच्याकडे डॉक्टरची चिठ्ठी कुणी मागत नाही. तो आणि त्याचा रब, असा तो मामला. कायद्यानेही आजाऱ्याला अशीच थोडी दया ठेवली आहे. तिच्यावर डल्ला कसा मारला जातो, हे आम्हाला नीट समजले ते इंडोनेशियाच्या एका प्रकरणावरून.

हजला जाऊन आलेल्यांनी इंडोनेशियाचे हाजी पाहिलेले असतात. एकसारखे कपडे, शिस्तीची रांग, मोठ्या माणसांशी नरमाई. त्या देशात सुहार्तो यांनी तीन दशके राज्य केले आणि १९९८ साली त्यांना पायउतार व्हावे लागले. धर्मादाय संस्थांच्या पैशाच्या अपहाराचा खटला त्यांच्यावर २००० साली भरला गेला, पण प्रकृती खटल्याला उभे राहण्याजोगी नाही म्हणून न्यायालयाने तो त्याच वर्षी सप्टेंबरात काढून टाकला. त्यांना पक्षाघात होऊन गेला होता. डॉक्टरांच्या अहवालाशी आमचे भांडण नाही. पण जानेवारी २००८ मध्ये ते वारले तोवर तो फौजदारी खटला पुन्हा उभा राहिला नाही, आणि मागच्यांनी यातून काय धडा घ्यायचा तो घेतला.

सुहार्तोंच्याच गोलकर पक्षाचे पुढचे एक अध्यक्ष सेत्या नोवांतो. संसदेच्या सभागृहाचे ते सभापती होते. आपल्या आधारसारखे ओळखपत्र देशभर वाटण्याची तिकडे योजना निघाली, त्यात सरकारचे २.३ लाख कोटी रुपियाचे नुकसान झाले. (आपल्या हिशेबाने ते हजार कोटी रुपयांच्या वर जाते. ओळखपत्राच्या रांगेत उन्हात उभे राहणाऱ्याला हे आकडे कुणी वाचून दाखवत नाही.) जुलै २०१७ मध्ये तिथल्या भ्रष्टाचार निर्मूलन आयोगाने नोवांतोंना संशयित ठरवले, आणि सप्टेंबरात साहेब रुग्णालयात. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क लावलेला त्यांचा फोटो देशभर फिरला. महिनाअखेर न्यायालयाने त्यांच्यावरचा ठपका तांत्रिक कारणाने रद्द केला आणि थोड्याच दिवसांत साहेब घरी गेले. इतके गुणकारी औषध कुठल्या हकिमाकडे मिळेल?

आयोगाने नोव्हेंबरात त्यांना पुन्हा संशयित केले. १५ नोव्हेंबरच्या रात्री अधिकारी घरी गेले तर हे बेपत्ता. दुसऱ्या दिवशी त्यांची गाडी दक्षिण जकार्तात रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबाला धडकली. वकिलाने पत्रकारांना सांगितले की साहेबांच्या कपाळाला बाक्पाओएवढे टेंगूळ आले आहे. बाक्पाओ म्हणजे सारण भरलेला वाफवलेला पाव. सगळा देश हसला.

पुढे न्यायालयात जे बाहेर आले ते हसण्यासारखे नव्हते. अपघात व्हायच्या आधीच रुग्णालयातली खोली सांगून ठेवलेली होती. कोणते दुखणे लिहायचे तेही ठरले होते. त्या संध्याकाळी तातडीच्या विभागात ड्यूटीवर असलेल्या डॉक्टरला अपघाताची नोंद करून दाखल करून घ्यायला सांगितले, तर त्याने नकार दिला. म्हणाला, मी पेशंट तपासलेला नाही. या सगळ्या कहाणीत आम्हाला आवडलेला माणूस हाच. त्याने भाषण केले नाही, फक्त न पाहिलेले लिहिले नाही. खालच्या न्यायालयाने २०१८ साली वकिलाला ७ वर्षांची आणि सामील झालेल्या दुसऱ्या डॉक्टरला ३ वर्षांची कैद दिली.

नोवांतो १३ डिसेंबर २०१७ रोजी न्यायाधीशांसमोर आले तेव्हा नाव विचारले तरी गप्प. नंतर सांगितले, जुलाब होताहेत. डॉक्टरांनी तपासून ठीक असल्याचे सांगितले आणि त्याच दिवशी आरोपपत्र वाचले गेले. एप्रिल २०१८ मध्ये त्यांना १५ वर्षांची शिक्षा झाली. तरी दुखणे संपले नाही. जून २०१९ मध्ये तुरुंगातून उपचारासाठी बाहेर काढलेले हे कैदी बांडुंगजवळ फरशांच्या दुकानात सापडले, बरोबर बेगम. शिक्षा नंतर कमी होऊन ऑगस्ट २०२५ मध्ये ते सशर्त सुटले.

आम्ही एका शाळेच्या कार्यालयात बरीच वर्षे कारकुनी केली. वैद्यकीय रजेचे अर्ज आमच्याच टेबलावरून जायचे. संस्थेच्या एका वजनदार पदाधिकाऱ्यावर इमारत निधीच्या हिशेबाची चौकशी लागली, तेव्हा दर तारखेला त्यांचे सर्टिफिकेट हजर. आधी कंबर, मग रक्तदाब, मग चक्कर. शेवटी चौकशी अधिकाऱ्यांचीच बदली झाली. त्याच वर्षी शाळेच्या शिपायाला क्षय झाला. त्याने सरकारी दवाखान्याचा केसपेपर, थुंकीचा रिपोर्ट, एक्स-रे, सगळे आणून ठेवले. "हल्ली सर्टिफिकेट काय, कुठेही मिळते," असे म्हणून त्याची रजा बिनपगारी केली गेली. म्हणणारे तेच पदाधिकारी. दर त्यांना ठाऊक असणार.

बड्यांनी दुखण्याचा शब्द खोटा पाडला की खऱ्या आजाऱ्याच्या तोंडावर दार बंद होते, ते असे. आणि हे दार शाळेपेक्षा तुरुंगात जास्त जड असते.

आपल्याच राज्यात, तळोजा कारागृहात, फादर स्टॅन स्वामी होते. आरोप भ्रष्टाचाराचा नव्हता, एल्गार परिषद प्रकरणातला होता, आणि तो कधी सिद्ध झाला नाही. वय ८३. पार्किन्सनने हात थरथरायचे, पेला तोंडापर्यंत नेता यायचा नाही. ६ नोव्हेंबर २०२० रोजी त्यांनी न्यायालयाकडे स्ट्रॉ आणि सिपर मागितला. तपास यंत्रणेने उत्तर द्यायला २० दिवस मागून घेतले. २० दिवसांनी उत्तर आले की त्यांचा स्ट्रॉ-सिपर आमच्याकडे नाही.

मे २०२१ च्या अखेरीस उच्च न्यायालयाच्या आदेशाने त्यांना वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात हलवले. तिथे कोविड निघाला. ५ जुलैला त्यांच्या जामिनाच्या अर्जावर सुनावणी होती. रुग्णालयाच्या डॉक्टरांना काही सांगायचे आहे, असे वकील म्हणाले. फादर दुपारी दीड वाजता वारले, असे डॉक्टरांनी न्यायालयाला सांगितले.