आवाज कुणाचा?

निंजा हातोरी हिंदीत बोलतो तो आवाज एका मराठी बाईचा आहे, हे माहीत होतं तुम्हाला? मेघना एरंडे! ‘नॉडी’चा हिंदी आवाजही तिचाच. शाळेतून आल्यावर दप्तर फेकून हातोरी बघणाऱ्या आम्हा सोलापूरच्या पोरांना याचा पत्ताच नव्हता. आवाज रोज घरी यायचा, नाव मात्र कधीच आलं नाही.

मुलाचं कॅरेक्टर आणि बाईचा आवाज, यामागे साधं गणित आहे. मुलांचा आवाज तेराव्या-चौदाव्या वर्षाच्या आसपास फुटतो. कार्टून मात्र वर्षानुवर्षं चालतं आणि हीरो तेवढाच राहतो. बाईचा आवाज टिकतो, म्हणून काम तिला! जपानी हातोरीलाही १९८१च्या मालिकेत जुन्को होरी या बाईंनीच आवाज दिला होता. १९३६ साली जन्मलेल्या मासाको नोझावा तर १९८६मध्ये ‘ड्रॅगन बॉल’चा गोकू झाल्या. पुढे गोकूला दोन मुलं झाली, त्यांचे आवाजही बाईंचेच! व्हिडिओ गेममध्ये एकाच कॅरेक्टरला २३ वर्षांहून जास्त काळ आवाज दिल्याबद्दल २०१७मध्ये त्यांचं नाव गिनेस बुकात गेलं. जपानमध्ये अशा कलाकारांना ‘सेइयू’ म्हणतात. त्यांचे अल्बम निघतात, कॉन्सर्ट होतात, फॅन्स रांगा लावतात. आपल्याकडे डब केलेल्या कार्टूनखाली बहुतेक वेळा नावही नसतं.

पण मला जपानचा खरा हेवा वाटतो तो वेगळ्याच कारणासाठी.

मास कॉमला असताना रेडिओच्या प्रॅक्टिकलमध्ये मला सांगण्यात आलं, ‘आवाज छान आहे, फक्त त्यातलं सोलापूर काढून टाक.’ मग काय, दातात पेन धरून वाचन, बातम्या ऐकून नक्कल, सगळं सुरू. ‘करलालाय’चं ‘करतोय’ झालं, ‘बे’ गायब झालं. वर्षभरात सोलापूर इतकं निघालं, की घरी फोन केला तर आजी म्हणाली, ‘टीव्हीवरच्या बाईसारखं काय बोललालीस गं?’ कौतुकानं म्हणाली असती तर बरं वाटलं असतं. ती चक्क परक्याशी बोलावं तशी जपून बोलायला लागली होती.

आता ‘डिटेक्टिव्ह कोनान’ बघा. छोट्या कोनानचा आवाज १९९६पासून मिनामी ताकायामा या बाईंचा. त्याचा दोस्त हेइजी हातोरी (हो, हाही हातोरीच!) ओसाकाचा. तो बिनधास्त तिकडच्या बोलीत बोलतो. त्याला आवाज देणारे र्यो होरिकावाही ओसाकाचेच. म्हणजे ज्या हेलासाठी मला पेन चावावं लागलं, तसल्याच हेलामुळे तिथं एक कॅरेक्टर उभं राहिलं. बॉस, फंडा इतका सिंपल आहे!

प्रमाण मराठी शिकले याचं वाईट वाटत नाही. माइकसमोर तिची गरज पडते, कामही मिळतं. पण ती हेडफोनसारखी वापरायची. काम झालं, की काढून ठेवायची. आजीशी मी आता ठरवून सोलापुरीत बोलते. सुरुवातीला अडखळले, मग जीभ आपोआप वळली.

आणि हो, सीव्हीत भाषांच्या रकान्यात मराठी, हिंदी, इंग्रजीनंतर मी चौथं नाव टाकलंय. सोलापुरी. लेव्हल : एक्स्पर्ट.