पारोच्या मुलुखात

२ ऑगस्ट २०२३ रोजी नितीन चंद्रकांत देसाई गेले आणि दुसऱ्याच दिवशी, ३ ऑगस्टला, ना. धों. महानोर. महानोरांनी ‘अजिंठा’ ही दीर्घ कविता लिहिली होती आणि देसाईंनी २०१२ मध्ये तिच्यावरून त्याच नावाचा सिनेमा काढला होता. रॉबर्ट गिल हा इंग्रज चित्रकार आणि पारो ही अजिंठ्याच्या रानातली मुलगी, यांची ती गोष्ट. दोन्ही बातम्या वाचून नवरा एवढंच म्हणाला, “आमच्याकडची गोष्ट सांगणारे दोघंही गेले.”

‘आमच्याकडची’ म्हणजे सिल्लोड तालुक्यातली. मी वेंगुर्ल्याची. लग्नाला बरीच वर्षं झाली, मराठवाड्याची सून म्हणून मिरवतेही; पण सासरी जाणं वेगळं आणि सासरचा मुलुख बघणं वेगळं. सून गावी जाते ती लग्नकार्याला, सणावाराला नाहीतर कुणी आजारी पडलं म्हणून. एसटीतून उतरायचं, पदर सावरायचा आणि थेट चुलीपुढे बसायचं. त्यामुळे हा मुलुख माझ्यापर्यंत पोचला तो येसराच्या आमटीतून, ज्वारीच्या भाकरीतून आणि पाट्यावर रगडलेल्या ठेच्यातून. बाकीचं जे काही ठाऊक होतं, ते त्या एका सिनेमातून. सासरहून अजिंठ्याची लेणी हाकेच्या अंतरावर, आणि मी ती पाहिली होती फक्त पडद्यावर. म्हणून एका हिवाळ्यात ठरवलं, कार्य नाही, सण नाही, नुसतं बघायला जायचं.

देवगिरी एक्सप्रेसने भल्या पहाटे छत्रपती संभाजीनगरला उतरलो. स्टेशनावर बोचरी थंडी होती. नवऱ्याचं कॉलेज इथलंच, त्यामुळे शहर दाखवायची हौस त्याला भारी. त्याने मला आधी नेलं ते भडकल दरवाज्यापाशी. मुघलांवरच्या विजयाची आठवण म्हणून मलिक अंबरने तो १६१२ मध्ये उभारला. हा अंबर मूळचा इथिओपियाचा. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, हातोहाती फिरत दख्खनेत आला आणि अहमदनगरच्या निजामशाहीचा कर्ताकरविता झाला. १६१० मध्ये त्याने खडकी नावाच्या खेड्यावर राजधानी वसवली. तो १६२६ मध्ये वारल्यावर त्याच्या मुलाने गावाला फतेहनगर म्हटलं. पुढे १६५३ मध्ये दख्खनचा सुभेदार म्हणून परत आलेल्या औरंगजेबाने औरंगाबाद केलं आणि २०२३ मध्ये शहर छत्रपती संभाजीनगर झालं.

नावं बदलत गेली, पण राजधानी वसवायची तर आधी पाणी पाहिजे, हे अंबरला पक्कं कळलं होतं. उत्तरेच्या डोंगरातलं झिरपणारं पाणी जमिनीखालच्या नहरीतून आणि खापरी नळांतून त्याने शहरात आणलं. नहर-ए-अंबरी ती हीच. पुढच्या राजवटींनी त्याच धर्तीवर आणखी नहरी काढल्या. पाणचक्कीत हा खेळ उघड दिसतो. डोंगराकडून जमिनीखालून आलेलं पाणी भिंतीत चढतं, वरून हौदात कोसळतं आणि त्या धारेच्या जोरावर जातं फिरतं. इथल्या दर्ग्यात येणारे फकीर आणि यात्रेकरू यांच्यासाठी त्यावर पीठ दळलं जाई. ज्यांचा हा दर्गा, ते बाबा शाह मुसाफिर बुखाऱ्याकडून आलेले. समुद्राकाठी वाढलेल्या मला पाण्याचं अप्रूप ते काय? पण टँकरच्या मागे घागर घेऊन धावलेल्या आपल्या लहानपणाबद्दल नवरा हौदाच्या काठावर उभं राहून बोलायला लागला, तेव्हा मला अंबरचं मोठेपण कळलं. घरात नळ गळताना दिसला की या माणसाचा जीव एवढा का वरखाली होतो, तेही उमगलं.

बीबी का मकबरा मात्र मी सून म्हणून पाहिला. दिलरस बानू बेगम ही इराणी सफवी वंशातली, औरंगजेबाची बेगम. १६५७ मध्ये बाळंतपणानंतर ती याच शहरात वारली. तिचा मकबरा १६६०च्या सुमाराचा. मुलगा आजमशहा याचं नाव त्याच्याशी जोडलं जातं. ताजमहालाशी तुलना करून लोक त्याला नाकं मुरडतात. खरं आहे, पैसा हात राखून खर्च केलेला दिसतो. संगमरवर घुमटाला आणि खालच्या पट्ट्याला, मधला बराचसा भाग काळ्या दगडावर गुळगुळीत गिलावा. पण तावेर्निए या फ्रेंच प्रवाशाने संगमरवर घेऊन चाललेल्या तीनशे गाड्या वाटेत पाहिल्या होत्या, आणि त्यातल्या सगळ्यात लहान गाडीलाही बारा बैल जुंपलेले होते असं तो लिहितो. बाहेरून आलेल्या एका सुनेसाठी एवढी बैलं राबली! आता शहराची ओळख म्हणून तिचीच कबर दाखवतात. ती या गावात कशी राहिली, तिला इथलं काय आवडलं, याबद्दल मात्र त्या सगळ्या दगडांत काही नाही.

मकबऱ्यापासून जवळच नागसेनवन. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीतर्फे १९५० मध्ये इथे कॉलेज काढलं, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय. निजामाची राजवट सप्टेंबर १९४८ मध्ये संपली, म्हणजे मराठवाडा मोकळा झाल्याला दोन वर्षंही झाली नव्हती. उच्च शिक्षणाची फारशी सोय नसलेल्या या भागात खेड्यापाड्यांतली पोरं पत्र्याच्या पेट्या घेऊन इथे आली. माझे सासरे, अण्णा, त्यांतलेच, पुढच्या काळातले. त्यांच्या घराण्यात त्यांच्याआधी कुणी कॉलेजचं तोंड पाहिलं नव्हतं. राजा मिलिंद प्रश्न विचारतो आणि भिक्खू नागसेन उत्तरं देतो, ही बौद्ध परंपरेतली जोडी. ज्या डोंगरांत बौद्ध लेणी शतकानुशतकं मूक होती, त्यांच्या छायेत बाबासाहेबांनी प्रश्नोत्तरं पुन्हा सुरू केली. अण्णा घरात फारसं बोलत नसत, पण नातवंडाने ‘का?’ विचारलं की हातातलं काम टाकून उत्तर देत. त्याचं मूळ मला त्या वाळक्या गवताच्या मैदानात सापडलं.

दुसऱ्या दिवशी फुलंब्रीमार्गे सिल्लोडकडे निघालो. माझ्या डोळ्यांना लाल मातीची सवय. इथे नजर जाईल तिथवर काळी रानं, वेचणी संपत आलेला कापूस, मक्याची ताटं, अद्रकाचे वाफे. सिल्लोडच्या आसपास तर हवेलाच मिरचीचा झणका. घरी सासूबाईंनी भाकरीबरोबर विचारलं, “लेण्या बघाय निघाले म्हणे? मग आधी गावात पारोला भेटून जाय.” त्यांनी सिनेमा पाहिलेला नाही. पण पारोने गोऱ्या साहेबाला रानातली वाट दाखवली, पानाफुलांचे रंग आणून दिले, ही गोष्ट त्यांनी लहानपणापासून ऐकलेली. महानोरही इथलेच, शेजारच्या सोयगाव तालुक्यातल्या पळसखेड्याचे. त्यांच्या कवितेला कुठून पाणी मिळालं, ते सासूबाईंच्या ओसरीवर बसल्यावर वेगळं सांगावं लागलं नाही.

अजिंठा हे गाव वेगळं आणि लेणी वेगळी. मध्ये घाट आहे. मद्रास सैन्यातला अधिकारी असलेल्या रॉबर्ट गिलला ईस्ट इंडिया कंपनीने १८४४ मध्ये लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करायला नेमलं. तो या गावातल्या बारादरीत राहायचा, असं सांगतात. याच गावात पारोची कबर आहे. त्यावरचा मजकूर इंग्रजीत, आणि अगदी त्रोटक. माझ्या लाडक्या पारोच्या स्मरणार्थ, मृत्यू २३ मे १८५६. बस्स. पारोबद्दलचा लेखी पुरावा म्हणावा तर जवळजवळ एवढाच. सिनेमातली पारो सोनाली कुलकर्णीची. गिलच्या भूमिकेतला फिलिप स्कॉट वॉलेस तिच्या डोळ्यांतून अजिंठा पाहायला शिकतो. कौशल इनामदारांच्या चाली अजून कानात आहेत. पण कबरीसमोर उभं राहिल्यावर लक्षात आलं, की दोन तासांचा तो अख्खा सिनेमा या दीड ओळीवर उभा आहे. गिल संसारी माणूस होता, त्याला बायकामुलं होती. ‘लाडकी’ हा शब्द त्याने दगडावर कोरून घेतला, यात कंपनीच्या एका अधिकाऱ्याचं धाडस आहेच. पण त्या दगडावर बोलतो तो गिल. पारोचं म्हणणं तिथेही नाही.

घाट उतरून फर्दापूरच्या फाट्यावर गाडी ठेवावी लागते. तिथून पुढे महामंडळाच्या बसने. वाघोरा नदीने नालाच्या आकाराचं वळण घेतलंय आणि त्या कड्यात ओळीने लेणी. नववं-दहावं सातवाहनांच्या काळातलं. पहिलं, दुसरं, सोळावं, सतरावं ही चित्रांसाठी गाजलेली लेणी पाचव्या शतकातल्या वाकाटक हरिषेणाच्या काळातली. दहाव्या लेण्यातल्या खांबावर जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने २८ एप्रिल १८१९ला कोरलेलं नाव अजून आहे. तो वाघाच्या शिकारीला आला होता. लेण्यांचा ‘शोध’ त्याच्या नावावर लागला. त्याला वाट दाखवणारा गुराखी पोरगा होता म्हणतात. त्याचं नाव कुठेच कोरलेलं नाही.

सिनेमात देसाईंनी लेणी सेटवर उभारली होती. ‘लगान’, ‘जोधा अकबर’ उभे करणारा हात तो. पडद्यावर सगळं कसं लख्ख. प्रत्यक्षात पहिल्या लेण्यात पाऊल टाकलं तर काळोख. फ्लॅशला बंदी, दिवे मंद. डोळे सरावायला वेळ लागतो. मग हळूहळू हातात कमळ धरलेला पद्मपाणी दिसू लागतो. आधी खांद्याची रेघ, मग झुकलेल्या पापण्या. मी चेहऱ्याकडे बघत होते. नवरा मात्र कडेला, जिथे चित्र झडून गेलंय तिथे, वाकून बघत होता. “हे बघ,” तो कुजबुजला. रंगाच्या पापुद्र्याखाली चुन्याचा पातळ थर, आणि त्याखाली नुसता चिखल. त्या वाळलेल्या चिखलात साळीचं तूस आणि काड्या स्पष्ट दिसत होत्या. “आपल्या जुन्या घराची भिंत आई अशीच लिंपायची. भुसा घालून.”

जगाने डोक्यावर घेतलेलं ते चित्र माझ्या सासूबाईंच्या ओळखीच्या गिलाव्यावर काढलेलं आहे! रंगही बहुतेक इथलेच. गेरू, पिवळी माती, याच डोंगरांतल्या दगडातला हिरवा, दिव्याची काजळी. निळा मात्र अफगाणिस्तानकडच्या राजावर्त दगडाचा, पार दूरवरून आणलेला. इथल्या चिखलाने परका निळा धरून ठेवला, दीड हजार वर्षं. अंबर, दिलरस बानू, मुसाफिर बाबा, गिल अशी बाहेरून आलेली माणसं दोन दिवस मोजत होते. त्या सगळ्यांना धरून ठेवणारा चिखल मात्र मी एवढी वर्षं स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघितला होता आणि त्याला नुसती भिंत समजले होते.

गिलच्या कष्टांचं पुढे काय झालं? वर्षानुवर्षं वाघांच्या रानात राहून काढलेली त्याची भलीमोठी तैलचित्रं लंडनला गेली, सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लावली गेली आणि १८६६च्या आगीत जवळपास सगळी जळाली. तोवर त्याने कॅमेराही हाती घेतला होता. त्याने काढलेले लेण्यांचे फोटो जेम्स फर्ग्युसनच्या मजकुरासह १८६४ मध्ये पुस्तकरूपाने छापले गेले. नंतर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या जॉन ग्रिफिथ्सने विद्यार्थ्यांना घेऊन नव्याने नकला केल्या. त्यांतल्याही कित्येक १८८५ मध्ये लंडनच्या दुसऱ्या आगीत गेल्या. गिल मायदेशी परतला नाही. १८७९ मध्ये तो वारला. त्याचं थडगं भुसावळला आहे. नकला जळाल्या, नकला करणारा इथल्याच मातीत गेला.

परतीच्या बसमध्ये नवऱ्याने विचारलं, “मग? सिनेमा बरा की खरं अजिंठा?” मी म्हटलं, सिनेमा नसता तर मी इथे आलेच नसते, तेव्हा त्याचे उपकार आहेतच. पण त्यात एक गोष्ट राहून गेली. गिल पारोचा मुलुख बघायला आला, त्यात रमला, त्याची चित्रं काढली. पारोने कधी विचारलं असेल का, की तुझं गाव कसं आहे, तिथली नदी कशी, तुझी आई भिंत कशाने लिंपते? आणि विचारलं असेल तर त्याने सांगितलं असेल का? कविता, सिनेमा, कबर, तिन्हीकडे वाट एकाच बाजूने आलेली आहे.

आमच्या घरातही ती एकाच बाजूची होती, फक्त उलट्या दिशेची. नवरा वेंगुर्ल्याला येतो तो जावई म्हणून. पंखा त्याच्याकडे वळवतात, ताटात सुरमईचा मोठा तुकडा पडतो आणि दुपारी त्याला झोपायला लावतात. आणि २०२५ मध्ये ‘दशावतार’ सिनेमा पाहून आल्यापासून तर कोकण आपल्याला कळलं असं त्याचं ठाम मत झालंय. दिलीप प्रभावळकरांचं काम आवडलं हे ठीक, पण देवळासमोरच्या मांडवात पेट्रोमॅक्सच्या काळापासून चालत आलेला दशावतार पहाटेपर्यंत जागून बघणं निराळं. तेव्हा बसमध्येच ठरवून टाकलं. पुढच्या जत्रेला त्याला न्यायचं, जावई म्हणून नाही. रात्रभर जमिनीवर बसवायचं, सकाळी ओहोटीला खडपात कालवं काढायला न्यायचं, आणि पायाला कालव लागलं तर हळद लावून पुन्हा न्यायचं. सासूबाईंनाही बरोबर घेणार आहे. त्यांनी अजून समुद्र पाहिलेला नाही.