टिपेचे चार मुद्दे

चि. सोनूस,


‘इतिहासाचं काय, अपेक्षित प्रश्नसंच पाठ केला की झालं,’ हे तुझं वाक्य मनातून जात नाही. बारावीला इतिहास घेऊन, तेही सोलापुरात राहून, असं म्हणावंस? तू विचारलंस एवढंच, की ‘सोलापूरचा लष्करी कायदा’ या टिपेला किती मुद्दे लागतात. चार पुरतील. पण ते चारच का, हे विचारायला कधी शिकणार?

हे बघ. ६ एप्रिल १९३० ला आपल्या नगरपालिकेवर तिरंगा चढला. मे उजाडताच गांधीजींना अटक झाली आणि ८ मेला गोळीबारात शंकर शिवदारे पडले. त्याच दिवशी जमावाच्या हातून पोलीसही मारले गेले, कोर्ट जळालं. १२ मेला लष्करी कायदा लागला, तो ३० जूनपर्यंत. सरकारी कागद मेच्या त्या दिवसांना दंगल म्हणतो, आपण स्वातंत्र्याचे दिवस म्हणतो. गाईड एकच शब्द छापतं आणि तू तो घोकतेस. पण कोणता शब्द कोणत्या पुराव्यावर उभा आहे आणि तो कागद लिहिणाऱ्याला काय लपवायचं होतं, हे तपासणं म्हणजेच इतिहास शिकणं. पोलिसांचं मरण गाळून अभिमान बाळगशील तर तोही घोकलेलाच ठरेल.

तू म्हणशील, ही गावची गोष्ट, परीक्षा देशाच्या इतिहासाची. मग येरवड्याच्या तुरुंगात याच घटनांपायी १२ जानेवारी १९३१ ला फाशी गेलेल्यांची नावं मोठ्यानं वाच: मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा, ‘गझनफर’ वर्तमानपत्र चालवणारे कुर्बान हुसेन. कानडी, मराठी, मारवाडी, उर्दू: गिरणगावातल्या पेठाच या नावांत बोलतात. देश म्हणजे आणखी कोण? आणि मार्क? ‘सकारण स्पष्ट करा’ या प्रश्नाला कारणच लागतं, ते पाठांतरातून सुचत नाही.

खरी काळजी वेगळीच आहे गं. छापलेलं तपासायची सवय सतराव्या वर्षी लागली नाही, तर उद्या मोबाइलवर कुणी त्या चौघांतलं एखादं नाव गाळून पाठवेल, आणि तुला ते जाणवणारही नाही. म्हणून टीप जरूर लिही, पण चार हुतात्मा पुतळ्यांपाशी एकदा उभी राहून.

तुझा,
काका