अबेट म्हणजे ओसरणे

मुलीने इंग्रजीचं पुस्तक पुढे केलं. "अब्बा, 'अबेट' म्हणजे?"

"कमी होणे," मी म्हणालो. तिचं समाधान झालं नाही. आपल्याकडे ताप उतरतो, वारा पडतो, पाऊस मंदावतो, राग निवळतो. इंग्रजीत या सगळ्यांना हे एकच क्रियापद चालतं. हजरत नूह यांच्या वेळचा महापूर उतरतो, तिथेही 1611च्या इंग्रजी बायबलात हाच शब्द आहे. जोर कमी झाला, एवढंच तो सांगतो.

मी मात्र तो पहिल्यांदा कोर्टात ऐकला. मोहरम आणि गणपती एकत्र आले की आमच्या कुरुंदवाडला पाच मशिदींत गणपती बसतो, त्याचं सगळीकडे कौतुक होतं. आमच्या घरात मात्र दोन सख्ख्या भावांचं जमत नव्हतं. शेताच्या बांधावरून अब्बांनी चाचांवर दावा लावला होता. 2018 मध्ये अब्बा गेले. वकील म्हणाले, "90 दिवसांत वारसांची नावं लावा, नाहीतर दावा ॲबेट होईल." अम्मी म्हणाली, "होने दे." दावा ॲबेट झाला. अबोला तसाच राहिला.

ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णा-पंचगंगेचं पाणी गावात शिरलं. आम्ही एका शाळेत आसरा घेतला. शेजारच्याच सतरंजीवर चाचांचं कुटुंब. सगळे मोबाईलवर कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघायचे. तिथे 39 फुटांवर इशारा, 43 वर धोका. इकडे पाण्याच्या कडेला काठी रोवलेली. एका सकाळी चाचा ती बघून आले. अम्मीने पदर सारखा करत विचारलं,

"पानी उतरा क्या?"

कित्येक वर्षांतला पहिला शब्द.

"दो इंच," चाचा म्हणाले.

पूर ओसरला. घरात घोटाभर चिखल होता. चाचा फावडं घेऊन आले आणि दोन दिवस खपले. बांधाचा विषय कुणी काढला नाही. तो आजही सुटलेला नाही. ईदला शिरखुर्म्याचा डबा मात्र इकडून तिकडे जातो.

मुलीच्या वहीत मी लिहिलं, 'अबेट : ओसरणे'.

"म्हणजे संपणे ना?"

"नाही बेटा. पाणी मागे जातं, नदी तिथेच असते. पण तेवढ्यावर माणसाला घरी परतता येतं."