पाइल ट्रेलरवर आहे तोवर

आमच्या बुलढाणा जिल्ह्याचे सरळ दोन भाग: घाटावरचा आणि घाटाखालचा. चिखली-मेहकरकडे थोडं खणलं की काळा पाषाण लागतो. तिथे तयार पाइल ठोकायला जाणं हा निव्वळ वेडेपणा. घाटाखाली नांदुरा, जळगाव जामोद, शेगाव या बाजूला मात्र पूर्णेचा खोल गाळ आहे. एरवी आपल्याकडे जागेवरच भोक पाडून काँक्रीट ओततात. पण कारखान्यातले पाइल ठोकायचेच झाले, तर जिल्ह्यात जागा हीच. आणि नेमका हाच खारपाणपट्टा.

ट्रेलर आला की सगळ्यांना उतरवायची घाई होते, कारण क्रेनचं भाडं तासावर चालतं. मी आधी पाइलवरचा नंबर आणि ओतल्याची तारीख बघतो. २८ दिवस भरायच्या आत मी पाइल ठोकू देत नाही. क्युब टेस्टचा कागद खोटा नसतो, पण तो क्युबपुरताच खरा. वाटेत खड्ड्यांत आदळत आलेल्या पाइलबद्दल त्याला काय ठाऊक!

मग पाणी मारायचं. आपल्याकडच्या उन्हात काँक्रीट झटकन सुकतं, तड्यात मात्र ओल राहते आणि काळी रेघ उमटते. वरवरच्या जाळीदार रेघांना मी फारसं मनावर घेत नाही. आडवी, एका बाजूवरून दुसरीवर वळलेली रेघ दिसली की थांबतो. पाइल कुठेतरी वाकलाय. गोड्या पाण्याच्या जमिनीत एखादा त्यावर वाद घालेल. इथे खारं पाणी त्याच वाटेने सळईपर्यंत पोचतं, गंज फुगतो, काँक्रीट सुटतं, आणि जमिनीखाली ते कुणाला दिसणार?

बहुतेक आडवे तडे उचलण्यातले. १२ मीटर लांब, ३०० मिलिमीटर चौकोनी पाइल सुमारे पावणेतीन टनांचा. दोन पट्ट्यांनी उचलताना पट्टे दोन्ही टोकांपासून अडीच मीटरवर हवेत, म्हणजे बाहेर लोंबणारा भाग आणि मधलं पोट सारखाच ताण घेतात. उभा करताना एकच पट्टा, माथ्यापासून साडेतीन मीटरवर. या खुणा रंगवलेल्या नसतील तर क्रेनवाला अंदाजाने पट्टा घालतो. रचतानाही लाकडी गुटके त्याच खुणांखाली, एकावर एक सरळ रेषेत. माथ्याला गुण्या लावून पाहावा. तो तिरका असला की हातोड्याचा घाव एका कडेवर बसतो आणि माथा फुटतो.

शंका आली तर लाल फुली ट्रेलरवरच मारा. एकदा माल उतरवून चलानवर सही झाली, की तडा कारखान्यातला की तुमच्या क्रेनचा, हे कुणीच कबूल करत नाही.