अवसेची ओहोटी

आबांनी फोनवर एकच गोष्ट विचारली. "कॅलेंडरात अवस बघितलंस? पुनवेक इलंस तर नुसतो फिरान जाशीत." शेवंड आणि कुर्ली, म्हणजे लॉबस्टर आणि खेकडे, धरायला यायचं असेल तर काळोखात यायचं, चांदण्यात नाही, एवढं सांगून त्यांनी फोन ठेवला. म्हणून कार्तिकातल्या अवसेच्या आदल्या दिवशी मी, माझा धाकटा भाऊ आणि त्याचा एक मित्र असे तिघे कुडाळ स्थानकावर उतरलो. पाठीवर दोन तंबू, तांदूळ, मालवणी मसाल्याची बरणी, पंचवीस लिटर पाण्याचा कॅन आणि तीन विजेऱ्या.

कुडाळहून पाटमार्गे परुळे. इथवर रस्ता चांगला आहे. 2021 मध्ये चिपीचा विमानतळ सुरू झाल्यापासून तर परुळ्याचं नाव मुंबईतही लोकांना ठाऊक झालं. पण परुळे सोडून समुद्राकडे वळलं की जुनं कोकण पुन्हा लागतं. उत्तरेला भोगवे, दक्षिणेला निवती आणि मधे डोंगरावर निवतीचा किल्ला. या किनाऱ्याला खडकांच्या कुशीत काही इवल्याशा वाळूच्या जागा आहेत. आम्ही राहिलो त्या जागेला रस्ता नाही, दुकान नाही, मोबाइलला रेंज नाही. एक तर कातळाचा सडा तुडवत जायचं, नाहीतर होडीतून. जागेचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. तिथली शांतता तिथेच राहावी असं मला मनापासून वाटतं.

आबा सत्तरीला आलेले, जातिवंत गाबीत, म्हणजे पिढीजात मासेमार. आम्ही सडा उतरून पोचलो तोवर त्यांची होडी वाळूला लागलेली होती. आम्ही तंबू ठोकायला घेतला तशी त्यांनी हात वर करून थांबवलं आणि वाळूवरची एक रेघ दाखवली. सुकलेलं शेवाळ, नारळाच्या करवंट्या, थर्माकोलचे तुकडे. मागच्या उधाणाच्या भरतीने आणून टाकलेला तो कचरा. "हिच्या वयर. आणि आणखी धा पावला वयर." अवसेला आणि पुनवेला उधाण असतं, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे कमी चढउतार. उधाणाची भरती जेवढी वर चढते तेवढीच ओहोटी खाली उतरते, आणि एरवी पाण्याखाली असलेले खडक तेव्हाच उघडे पडतात. केवड्याच्या बनाच्या कडेला आम्ही तंबू लावले.

भरतीची वेळ काढायचं कोकणी गणित आबांनी वाळूवर बोटाने मांडून दाखवलं. तिथीची पाऊणपट करायची. अवस म्हणजे पंधरावी तिथी, तिची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे रात्री सव्वाअकराच्या सुमाराला पूर्ण भरती. त्यातून साधारण सव्वासहा तास मागे गेलं की पूर्ण ओहोटी, संध्याकाळी पाचच्या सुमाराला. भाऊ मोबाइलमध्ये उतरवून आणलेला तक्ता काढून बसला होता. दोन्हींत फरक निघाला तो दहा-पंधरा मिनिटांचा.

दुसऱ्या दिवशी, अवसेच्या संध्याकाळी चारला निघालो. पायांत जुने कॅनव्हासचे बूट, कारण खडकांवरची कालवं पात्यासारखी कापतात. हातांना जाड हातमोजे. आबांच्या हाताला मात्र गोणपाटाचा तुकडा गुंडाळलेला. पहिला नियम त्यांनी पाण्यात पाय टाकायच्या आधीच सांगितला. "दर्याक पाठ करून उभो रवां नको." दुसरा त्याहून कडक. "बिळात हात घालूं नको. थंय वाम आसता." वाम म्हणजे सापासारखा लांब मासा. तोही शेवंडीसारखाच दिवसभर कपारीत बसतो आणि त्याचे दात मागे वळलेले असतात. धरलेलं बोट तो सोडत नाही.

सूर्य मावळला तरी शेवंड दिसेना. दिसली ती शिनाण्यांनी, म्हणजे खडकाला चिकटलेल्या शिंपल्यांनी, भरलेली खडकाची भिंत, उथळ डबक्यांतले समुद्रकाटे आणि खडकाला चिकटून तिरके पळणारे छोटे खेकडे. आबा मात्र शिनाण्यांकडे बघून खूश होते. जिथे शिनाणे तिथे शेवंड. ती रात्री बाहेर पडते आणि शिंपले, गोगलगायी फोडून खाते.

पुरता काळोख पडला. समोर समुद्रात वेंगुर्ला रॉकच्या दीपगृहाची उघडझाप सुरू झाली. पाणी चढायला लागलं होतं, पण अजून हाताशी थोडा वेळ होता. आबांनी विजेरी एका कपारीवर तिरकी धरली आणि हाताने मला जवळ बोलावलं. आधी दिसल्या त्या फक्त मिशा. हातभर लांब, काटेरी, दोन्ही बाजूंना सावकाश फिरत पाण्याची चाचपणी करणाऱ्या. मग विजेरीच्या उजेडात दोन ठिपके निखाऱ्यासारखे चमकले. ते तिचे डोळे. ती अर्धी बाहेर आली आणि थांबली. हिरवट तपकिरी अंग, त्यावर बारीक पांढरे ठिपके, डोळ्यांच्या वर दोन शिंगं. आपल्या शेवंडीला परदेशी लॉबस्टरसारख्या मोठ्या नांग्या नसतात. तिची सगळी मदार या मिशांवर, पाठीवरच्या काट्यांवर आणि शेपटीच्या एका झटक्यावर. काटे सगळे पुढच्या दिशेला वळलेले. म्हणून समोरून हात घालणाऱ्याचा तळहात फाटतो.

आबांनी विजेरी माझ्या हातात दिली. उजेड तिच्या डोळ्यांवरून हलू द्यायचा नाही, एवढंच माझं काम. त्यांचा हात मागच्या बाजूने, पाणी न ढवळता गेला आणि एका क्षणात पाठीवर दाबला गेला. पाणी उसळलं. हात वर आला तेव्हा शेवंडीची शेपटी फडफड आपटत होती आणि ती ओरडत होती. ओरडत होती हाच शब्द मला सुचतो. मिशांच्या बुंध्याशी घासून ती कर्र कर्र असा आवाज काढते. दाताखाली खडा आल्यासारखा तो आवाज अंगावर येतो. शत्रू दचकावा म्हणून तिने राखलेलं ते शेवटचं हत्यार. मी तिला हातात घेतलं तेव्हा तो आवाज कानांआधी तळहातात जाणवला.

आबांनी तिला उलटं केलं. पोटाखाली, शेपटीच्या आतल्या बाजूला, नारिंगी मण्यांचा घोस. इतका दाट की खालचे पंखे दिसत नव्हते.

"ही पोटुशी. हिका न्हेवक नाय."

एवढंच बोलून ते वाकले. तिला वरून टाकलं नाही, कपारीच्या तोंडाशी पाण्यात हलकेच ठेवलं. ती मागच्या मागे गेली. काही लाख अंडी असतात त्या घोसात. आई ती सुमारे महिनाभर पोटाशी वागवते, सतत पंखे हलवून त्यांना ताजं पाणी देते. नारिंगी रंग हळूहळू तपकिरी होतो आणि मग पिल्लं सुटतात. शेवंडीसारखी मुळीच न दिसणारी, काचेच्या पानासारखी पातळ, पारदर्शक. कित्येक महिने ती खोल समुद्रात प्रवाहाबरोबर वाहत राहतात, आणि त्यातली फार थोडी पुन्हा किनाऱ्याच्या खडकांपर्यंत पोचतात. त्या रात्री मला वाटलं, ज्याने अख्खं आयुष्य हे विकून पोट भरलं, त्याने आलेली शेवंड अशी पाण्यात ठेवावी, यापेक्षा मोठं काही या सहलीत बघायला मिळणार नाही. तसंच झालं.

"चला, फिरा आता. भरती लागली." आम्हा तिघांना आणखी एक कपार बघायची होती. पण आबा वळलेसुद्धा होते. दहा मिनिटांनी मागे बघितलं तर आम्ही उभे होतो त्या खडकावरून फेस जात होता. परततानाच भावाच्या मित्राचा पाय घसरला. कालवाने नडगी चांगलीच चिरली, ती गोड्या पाण्याने धुऊन, औषध लावून बांधली. वाळूवर पोचलो तर लाटा फुटताना निळ्या पेटत होत्या. हिवाळ्याच्या तोंडावर कधी कधी हे समुद्रातल्या सूक्ष्म जीवांचं तेज कोकण किनाऱ्यावर दिसतं. पायाने ओली वाळू दाबली की पावलाभोवतीही उजेड.

खरी शेवंड मिळाली ती जाळ्यात. चारला निघण्याआधीच आबांनी खडकांच्या बाहेरच्या अंगाला, तळाशी बसणारं जाळं होडीतून टाकून ठेवलं होतं. पहाटे पाचला आम्ही ते ओढायला गेलो. ओलं जाळं ओढताना दंड भरून येतात. त्यात आधी शेवाळ, मग एक मोठा शंख, मग पाठीवर क्रॉसची खूण असलेला खेकडा, आणि मग एकामागून एक शेवंडी. नऊ.

जाळं ओढणं सोपं, शेवंड सोडवणं कठीण. काटे, पाय, मिशा, प्रत्येकात सूत अडकलेलं. आबा एकेक फास नखाने उचलत होते. मिशी मोडता कामा नये. जिवंत आणि अखंड शेवंडीला व्यापारी देतो तो भाव मिशी तुटलेलीला देत नाही. एका शेवंडीला पाच-सहा मिनिटं. मी घाईत एकीचा पाय मोडला तेव्हा आबा काही बोलले नाहीत, फक्त जाळं माझ्या हातातून घेतलं. मग मी नुसता बघत बसलो, आणि पुढच्या दोन त्यांच्या पद्धतीने सोडवल्या.

नवांतल्या दोघी अंड्यांच्या. त्या परत पाण्यात गेल्या. तीन लहान. त्यांना आबांनी एकेक करून तळहातावर तोललं आणि पाण्यात सोडलं. 2003 साली केंद्र सरकारने निर्यातीसाठी शेवंडीची किमान वजनं ठरवून दिली आहेत. खडकातल्या या ठिपकेवाल्या जातीला 200 ग्रॅम, चिखलाच्या तळाशी राहणाऱ्या जातीला 300. आबांना आकडा माहीत होता. पण त्यांचा तळहात त्याहून जुना आहे. उरल्या चार. दोन त्यांनी व्यापाऱ्यासाठी ओल्या गोणपाटात ठेवल्या, दोन आम्हाला दिल्या.

सकाळी उशिरा कर्ली नदीच्या मुखाकडे गेलो. पलीकडे देवबागची वाळूची जीभ, अलीकडे खाडीतलं कांदळवन. इथे चिखलातली मोठी काळी कुर्ली. लोखंडी कडीला जाळी विणलेली, मधोमध बांगड्याचं डोकं बांधलेलं. चढत्या पाण्यात कडी तळाशी सोडायची, दहा-पंधरा मिनिटांनी एका दमात वर ओढायची. हात थबकला की कुर्ली कडेवरून उतरून जाते. सहा कड्यांत दीड तासात आम्हाला सात मिळाल्या. धरायची ती मागून, मागच्या वल्ह्यासारख्या पायांच्या बुंध्याशी. पोटावरची झडप निमुळती असेल तर नर, रुंद गोल असेल तर मादी. मग कवचाच्या खालच्या बाजूला अंगठा दाबून बघायचा. दबलं तर ती नुकतीच कात टाकलेली, आतून पाणीच पाणी. अवसेची कुर्ली भरलेली आणि पुनवेची पोकळ, असं कोकणात सगळे मानतात. आमच्या सातांतल्या पाच दगडासारख्या घट्ट होत्या. बाकीच्या दोन सोडल्या.

संध्याकाळी आबांच्या घरून काकींनी होडीतून वाटप पाठवलं होतं, भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं. कुर्लीचे बारीक पाय पाट्यावर ठेचून पाण्यात पिळायचे, गाळायचे आणि ते पाणी रश्शात घालायचं. कुर्लीची सगळी चव त्या पाण्यात असते. ते फेकून देणाऱ्याने कुर्ली खाल्लीच नाही असं मी आता म्हणेन. शेवंडीला मात्र काही लावलं नाही. खाऱ्या पाण्यात उकडली आणि वर खोबरेल तेलाचे दोन थेंब. उकळी येताच हिरवट कवच लालभडक झालं. तो लाल रंग कवचात आधीपासूनच असतो, प्रथिनांनी बांधून ठेवलेला. उष्णतेने ती बांधणी सुटते. पांढरंशुभ्र, गोडसर मांस आणि बाजूला गरम उकडा भात. जेवताना कुणी फारसं बोललं नाही.

चौथ्या दिवशी परतताना वाटेतल्या एका बाजारात टोपलीत शेवंडी दिसल्या. एक उलटी पडलेली होती. पोटाखालचे नारिंगी मणी खरवडून काढलेले, थोडे कडेला चिकटून राहिलेले. अंडी दिसली की गिऱ्हाईक नको म्हणतं, म्हणून खरवडतात. टोपलीत अर्ध्याहून अधिक तर तळहाताएवढ्याही नव्हत्या. मुंबईसमोरच्या समुद्रातली चपटी, वाळूतली शेवंड एकेकाळी जाळ्यांत भरभरून यायची. ती मासेमारी 1990 च्या दशकात कोसळली, आणि त्यामागे अंड्यांच्या माद्या बेसुमार धरल्या गेल्या हे एक मोठं कारण होतं. निर्यातीचं वजन निर्यातीपुरतं. किनाऱ्यावरच्या हॉटेलातल्या ताटापर्यंत ते पोचत नाही. तिथे आपण असतो.

तेव्हा कोकणात जाल, शेवंड मागवाल, तर आधी जिवंत दाखवायला सांगा आणि उलटी करून बघा. पोटाखाली अंडी असतील, खरवडल्याच्या खुणा असतील, किंवा ती तळहातावर हलकी लागली, तर घेऊ नका. दुसरी मागा. नसेल तर त्या दिवशी बांगडा खा.